प्रशिक्षणाला नाव कुणाचं द्यायचं?

वाचकाचं पत्र

सर, मी एका तालुक्याच्या ठिकाणी नायब तहसीलदार आहे. दाखल्यांची शाखा माझ्याकडे आहे. हाताखाली एक अव्वल कारकून आणि तीन महसूल सहायक. गेल्या दोन वर्षांत या चौघांची मिळून बरीच प्रशिक्षणं झाली, आयगॉट या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षण पोर्टलवरची प्रमाणपत्रंही प्रत्येकाकडे ढीगभर आहेत. पण शाखेच्या कामात मला फरक दिसत नाही. तेच अर्ज त्याच कारणांनी परत जातात, तीच माणसं तिसऱ्यांदा दारात उभी असतात. मुलं व्हिडिओ लावून ठेवतात आणि दुसरं काम करत बसतात. अव्वल कारकून चोपन्न वर्षांचे आहेत, कामाला पक्के, पण प्रशिक्षणाचं पत्र आलं की रजेचा अर्ज टाकतात. तहसीलदार साहेब म्हणतात, माणूस पाठवला की पाच दिवस टेबल बंद, आणि हाती काय येतं? आता एप्रिलमध्ये ऑनलाइन दाखल्यांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण आहे, दोन नावं मागितली आहेत. आजवर आम्ही आवक-जावक बघणाऱ्या मुलाला पाठवत आलो, कारण तो गेला तरी काम अडत नाही. खरं सांगा, प्रशिक्षणानं सरकारी माणसाचं काम सुधारतं का, की आपण नुसते कागद पूर्ण करतो? आणि नावं कुणाची देऊ?

उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबलो. 'तो गेला तरी काम अडत नाही' म्हणून त्याला पाठवलं, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या शाखेत फरक का दिसत नाही, याचं निम्मं कारण या वाक्यात आहे. महसूल खात्यात नोकरी केली आणि पुढे प्रशिक्षक म्हणूनही काही वर्षं काम केलं, तेव्हा वर्गात समोर बसलेल्यांना मी पहिल्या तासाला विचारायचो, की हा विषय सध्या तुमच्या टेबलावर आहे का? निम्म्याहून जास्त हात खालीच राहायचे. नॉन क्रिमिलेअरचं, म्हणजे मागासवर्गीय पण उन्नत गटात न मोडणाऱ्यांच्या दाखल्याचं, शिकायला आलेला माणूस टपाल बघत असायचा, निवडणुकीच्या कामाचा माणूस ई-फेरफारच्या वर्गात बसलेला असायचा. ज्याच्या जाण्यानं काम अडत नाही, त्याच्या शिकण्यानं काम सुधारणार तरी कसं? तो परत येतो, टपालाचं रजिस्टर उघडतो आणि महिनाभरात सगळं विसरतो. यात त्याचा काही दोष नाही.

तुमचा मोठा प्रश्न, प्रशिक्षणानं काम सुधारतं का. हो, सुधारतं, आणि त्याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत नवजात बाळांच्या काळजीचं काम गावातल्याच, बेताचं शिक्षण झालेल्या स्त्रियांना शिकवलं. बाळाचं वजन करायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची, गरज पडली तर इंजेक्शन द्यायचं. डिसेंबर 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. शेजारच्या, हे काम नसलेल्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यूंचं प्रमाण तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे 62 टक्क्यांनी उतरलं होतं. मोठं रुग्णालय बांधलं नव्हतं, गावागावात डॉक्टर बसवला नव्हता. ज्या बाईला बाळापर्यंत पोचता येत होतं, तिलाच शिकवलं होतं.

तिला कसं शिकवलं, हे तुमच्या कामाचं आहे. एकदा वर्गात बसवून सगळं ओतलं आणि घरी पाठवलं, असं झालं नाही. थोडं शिकवायचं, मग तिनं गावात जाऊन ते करायचं, पर्यवेक्षकानं येऊन तिच्या नोंदी तपासायच्या, चुकलं असेल तिथं पुन्हा दाखवायचं आणि मग पुढचं. हीच पद्धत नंतर सरकारनं आशा कार्यकर्त्यांसाठी घेतली. त्यांचं सहावं आणि सातवं मॉड्यूल मिळून वीस दिवसांचं, पण ते पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत विभागलेलं, आणि मधल्या काळात गावात प्रत्यक्ष काम. आज दवाखान्यात बाळंत होऊन घरी आलेल्या बाईकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. शिकलेलं प्रत्येक फेरीत हाताला लागतं, म्हणून ते टिकतं.

दुसरा पुरावा पोलीस खात्यातला. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थान पोलिसांबरोबर 11 जिल्ह्यांतल्या 162 ठाण्यांत प्रयोग केला. त्या चमूत नीना सिंह या आयपीएस अधिकारीही होत्या, ज्या पुढे सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या. साप्ताहिक सुट्टी, कामांची आलटापालट, ठाण्यात बसणारे नागरिक निरीक्षक असे बरेच उपाय करून पाहिले. त्यातले बहुतेक ठाण्याच्या पातळीवर नीट राबवलेच गेले नाहीत आणि विरून गेले. टिकाऊ फरक दिसला तो दोन गोष्टींनी. एक, तपासाचं आणि लोकांशी वागण्याचं प्रशिक्षण. दुसरी, बदल्यांवर घातलेली बंदी. या दोन गोष्टी एकाच यादीत आल्या, हे मला फार बोलकं वाटतं. माणूस शिकला आणि त्या जागेवर राहिला, तर लोकांना फरक जाणवतो.

तुमच्या हातात बदल्या नाहीत, ठाऊक आहे. बदल्यांच्या कायद्यातला तीन वर्षांचा कार्यकाळ, एप्रिल-मेची यादी, हे सगळं वरून येतं. पण शाखेतलं टेबल तुमच्या शिफारशीनं बदलतं. जो शिकून आला त्याला वर्षभर त्या टेबलावरून हलवायचं नाही, एवढं तुम्ही तहसीलदार साहेबांकडून लेखी घ्या. आणि ज्याची बदली येत्या मे महिन्यात ठरलेलीच आहे, त्याचं नाव या खेपेला देऊ नका. तो जाईल तिथं त्याचं ज्ञान जाईल हे खरं, राज्याचं त्यात नुकसान नाही. पण जूनमध्ये दाखल्यांची रांग तुमच्या दारात लागणार आहे.

आता नावं ठरवण्याआधीचं काम. मागच्या महिन्यात तुमच्या शाखेतून त्रुटी काढून परत गेलेले वीस-पंचवीस अर्ज पोर्टलवरून काढा. शनिवारी सकाळी नाहीतर कार्यालय सुटल्यावर, चौघांना टेबलाभोवती बसवा. कुणी काढली ही त्रुटी, हे विचारायचं नाही. एवढंच विचारायचं, की हा अर्ज परत का गेला, आणि तो परत जायला हवा होता का?

काय सापडेल याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे. काही अर्जांत स्कॅन केलेला कागदच वाचता येत नसेल. अर्धा रेशनकार्डाचा फोटो, उलटा अपलोड केलेला शाळा सोडल्याचा दाखला. इथं तुमचे लोक बरोबर आहेत, आणि शिकवायची गरज आहे ती आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांना. तालुक्यातल्या केंद्रचालकांची दोन तासांची बैठक तहसील कार्यालयाच्या सभागृहात घेता येते. त्यांना खराब स्कॅन आणि चांगलं स्कॅन शेजारी-शेजारी पडद्यावर दाखवा. तुमच्या चौघांना पाच दिवस कुठंही पाठवून ही चूक थांबणार नाही, कारण ती चूक त्यांची नाहीच.

काही अर्जांवर शेरा असेल, 'कागदपत्रे अपूर्ण'. कोणता कागद, ते लिहिलेलं नसेल. शेतकरी माणूस तो शेरा मोबाइलवर बघतो, सेवा केंद्रात जातो, केंद्रवाला अंदाजानं एखादा कागद जोडतो, आणि अर्ज पुन्हा परत जातो. त्या माणसाचा रोज बुडतो. एसटीचं भाडं जातं. मुलाच्या प्रवेशाची तारीख जवळ येते. मॅडम, यासाठी प्रशिक्षण लागत नाही. शेरा लिहिताना कागदाचं नाव, तो कुठून मिळेल आणि का लागतो, या तीन गोष्टी आल्याच पाहिजेत, असा नियम तुम्ही उद्या सकाळी घालून देऊ शकता. दहा-बारा नेहमीचे शेरे नीट शब्दांत लिहून संगणकावर ठेवा, म्हणजे घाईतही तेच वापरले जातील.

आणि काही अर्ज असे निघतील, की सारख्याच कागदांवर एकानं दाखला पुढे पाठवला आणि दुसऱ्यानं अडवला. नॉन क्रिमिलेअरमध्ये हे हमखास घडतं. 8 सप्टेंबर 1993 च्या केंद्राच्या ज्ञापनानुसार मिळकतीच्या कसोटीत आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरायचं नसतं. आई-वडील कोणत्या वर्गाच्या पदावर आहेत हा वेगळा निकष आहे. पण एक सहायक पगार धरून 8 लाखांची मर्यादा ओलांडली म्हणतो, दुसरा तो वगळून प्रकरण उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवतो. शिक्षकाच्या मुलीला एकाच कार्यालयात दोन उत्तरं मिळतात. हे मात्र खरं प्रशिक्षणाचं काम आहे. इथं माणसाला माहीत नाही, किंवा अर्धवट माहीत आहे, आणि शिकवलं तर सुधारेल.

म्हणजे कुणाचंही नाव देण्याआधी मनाशी एक प्रश्न विचारा. समोर जिल्हाधिकारी उभे असते, तर यानं हे काम बरोबर केलं असतं का? केलं असतं, तर त्याला येतंय. अडचण दुसरीकडे आहे. कदाचित त्याच्याकडे दोन टेबलांचा पदभार आहे, कदाचित सर्व्हर चालत नाही, कदाचित काम चांगलं केलं काय नि वाईट केलं काय, कुणी विचारत नाही. रिकाम्या पदांवरचा इलाज प्रशिक्षण नव्हे. एका सहायकाकडे तिघांचं काम असेल, तर त्याला वेळेच्या नियोजनाच्या वर्गाला बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि असे वर्ग होताना बघून मला मनापासून वाईट वाटतं.

आयगॉटबद्दल. मुलं व्हिडिओ चालू ठेवून दुसरं काम करतात, कारण आपण त्यांना प्रमाणपत्रांची संख्या विचारतो. संख्या विचारली की संख्या मिळते. आयगॉट ज्याचा भाग आहे त्या मिशन कर्मयोगीला केंद्रानं सप्टेंबर 2020 मध्ये मंजुरी दिली, तेव्हाच्या मूळ मांडणीत ही अपेक्षा नव्हती. संस्थेत जाऊन शिकण्याला कामाच्या जागेवर शिकण्याची जोड द्यायची, आणि नियमापेक्षा भूमिकेकडे बघून माणूस घडवायचा, असं त्यात म्हटलंय. ते तुमच्या शाखेत असं उतरवता येईल. तिमाहीला प्रत्येकानं एकच कोर्स घ्यायचा, त्याच्या टेबलाशी जोडलेला, आणि तो तुमच्याशी बोलून निवडायचा. कोर्स झाला की शुक्रवारी संध्याकाळी वीस मिनिटं त्यानं बाकीच्यांना त्यातलं आपल्या शाखेला लागू पडणारं सांगायचं. दुसऱ्यांना सांगायचंय म्हटल्यावर माणूस व्हिडिओ ऐकतो. वरून संख्येचं उद्दिष्ट येईल तेव्हा तेही करावं लागेल, ते टळणार नाही. पण तुमचं स्वतःचं मोजमाप त्यावर ठेवू नका.

मोजमापाचं म्हणाल, तर डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्येच त्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. शिकणाऱ्याला वर्ग आवडला का, तो काही शिकला का, कामावर परतल्यावर त्याचं वागणं बदललं का, आणि त्यातून कार्यालयाच्या कामात काही फरक पडला का. आपल्याकडे शेवटच्या दिवशी जो अभिप्रायाचा कागद भरून घेतात, त्यात सभागृह, जेवण, व्याख्याते यांना गुण द्यायचे असतात. पहिली पायरी तेवढी तपासली जाते. दुसरी पायरी संस्था परीक्षा घेऊन तपासू शकते, पण शेवटच्या दोन पायऱ्या ती तपासूच शकत नाही, मग ती यशदा असो की वनामती. कारण त्या दोन्ही गोष्टी तुमच्या शाखेत घडतात आणि तुम्हालाच दिसतात. तुम्ही दोन आकडे धरा. त्रुटीत परत जाणारे अर्ज शंभरात किती, आणि लोकसेवा हक्क कायद्याखाली तुमच्या शाखेविरुद्ध महिन्याला पहिली अपिलं किती. मार्चचे आकडे आत्ताच लिहून ठेवा आणि जुलैत पुन्हा बघा. 2015 च्या त्या कायद्यात वाजवी कारणाशिवाय सेवा अडवणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड आहे, म्हणजे हे आकडे तुमच्या स्वतःच्याही उपयोगाचे आहेत.

तहसीलदार साहेबांनाही हेच आकडे दाखवा. पाच दिवस टेबल बंद राहतं हा त्यांचा हिशोब बरोबर आहे, पण अर्धा आहे. परत गेलेला प्रत्येक अर्ज तुमची शाखा पुन्हा उघडते, पुन्हा वाचते, दारात आलेल्या माणसाला पुन्हा समजावते. त्यात महिन्याकाठी किती तास जातात ते साहेबांसमोर मांडा. राष्ट्रीय प्रशिक्षण धोरण 2012 मध्ये पगाराच्या तरतुदीच्या किमान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी बाजूला ठेवावी असं सुचवलंय. शिकण्यावर वेळ आणि पैसा खर्च होणार हे सरकारनं गृहीत धरलेलं आहे. शिवाय तारीख तुमच्या बाजूची आहे. एप्रिलमध्ये शिकलेलं जूनमध्ये वापरलं जाईल. हेच पत्र ऑगस्टमध्ये आलं असतं, तर मीच म्हणालो असतो की पुढच्या बॅचला पाठवा.

आता तुमच्या अव्वल कारकुनांविषयी. ते रजा टाकतात म्हणून तुम्ही थोड्या वैतागलेल्या दिसता. त्यांच्या जागी बसून बघा. तीस वर्षं ज्या माणसाच्या टिपणीवर साहेब डोळे झाकून सही करायचे, त्याला पंचविशीतल्या मुलांच्या ओळीत बसवून माऊस कसा धरायचा ते दाखवतात. चूक झाली की मागून कुणीतरी हसतं. तो माणूस शिकायला नाही म्हणत नाही, सगळ्यांसमोर चुकायला नाही म्हणतो. त्यांना वर्गात पाठवू नका. त्यांच्याच टेबलावर, बाकीची माणसं घरी गेल्यावर, एका समंजस मुलानं त्यांना एका वेळी एकच गोष्ट दाखवावी. आज लॉगिन आणि यादी, परवा शेरा लिहिणं.

आणि तुमच्या शाखेत जे कोणत्याही पोर्टलवर शिकायला मिळणार नाही, ते त्यांच्याकडे आहे. जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागतो. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. तो पुरावा येतो कोतवाल बुकातून, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतून, शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदीतून, जुन्या फेरफारातून. आजोबांचं नाव एका ठिकाणी 'गणू', दुसरीकडे 'गणपत', आडनाव कुठं आहे कुठं नाही, जातीच्या रकान्यात एकच अक्षर. ही नोंद त्याच घरातली आहे की नाही, हे वंशावळीशी ताडून कसं ठरवायचं, हे मुलांना येत नाही, म्हणून ती सरळ त्रुटी काढतात. तुमच्या अव्वल कारकुनांना ते येतं. दर बुधवारी अर्धा तास त्यांना शिकवायला सांगा, खऱ्या प्रकरणांवर. साहेबांच्या सहीनं तसं कार्यालयीन आदेशात काढा, म्हणजे ते फुकटचं काम राहणार नाही. ज्याला शिकवण्याचा मान मिळाला, तो शिकायलाही बसतो, असा माझा अनुभव आहे.

तर नावं. पहिलं नाव नॉन क्रिमिलेअरचं टेबल बघणाऱ्या सहायकाचं. काम अडेल, आणि म्हणूनच त्याचं. दुसरं नाव आवक-जावकचा मुलगा सोडून उरलेल्या सहायकाचं, बदली ठरलेली नसेल तर. जाताना दोघांनी शाखेतली पाच-सहा अडलेली प्रकरणं, अर्जदाराचं नाव-पत्ता झाकून, बरोबर न्यावीत आणि तिथल्या व्याख्यात्यांना त्यावरच प्रश्न विचारावेत. प्रशिक्षक म्हणून सांगतो, असा माणूस वर्गात आला की शिकवणाऱ्यालाही वाचून यावं लागतं. परतल्यावर पहिल्याच दिवशी दोघांशी बोला, काय नवीन कळलं आणि त्यातलं उद्यापासून काय सुरू करायचं ते एका कागदावर लिहून घ्या. तीन आठवड्यांनी तो कागद घेऊन पुन्हा बसा.

राहिला आवक-जावकचा मुलगा. तुमच्या कार्यालयात सर्वांत जास्त प्रशिक्षणं त्याची झाली आहेत आणि त्यातलं एकही त्याला वापरायला मिळालेलं नाही. दोघं जण पाच दिवस बाहेर असतील तेव्हा नॉन क्रिमिलेअरच्या टेबलावर त्याला बसवा. टपाल त्या आठवड्यात अव्वल कारकून आणि शिपाई मिळून बघतील. पहिल्या दिवशी सकाळचे दोन तास तुम्ही त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि त्याचा प्रत्येक शेरा पुढे जाण्याआधी वाचा. चौथ्या दिवशी त्याला तुमची गरज लागते का, ते बघा आणि मला कळवा.